मांड्यांवरचा आळ

माय, परवा मी नवागामला मावशीकडे जाऊन आले. तुला आवडलं नसतं, माहीत आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तिच्या गल्लीत वळताना मी आधी मागे बघितलं, कोणी बघत तर नाही ना. कोण बघणार होतं? गल्लीत एक म्हातारा खाटेवर झोपला होता आणि दोन बायका साड्यांना टिकल्या चिकटवत बसल्या होत्या. पण तुझ्या हाताखाली वाढलेल्या मुलीला मागे बघितल्याशिवाय पुढे पाऊल टाकताच येत नाही. मला तुला एकच विचारायचं आहे, आणि ते विचारायला एवढी वर्षं लागली याचा रागही मी तुझ्यावरच काढणार आहे. त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर जे बोलला ते तुला कळलं होतं ना? आणि कळूनही तू तुझ्या सख्ख्या बहिणीवरचा आळ तसाच राहू दिलास का? एवढंच सांग. बाकीचं सगळं मला आठवतं.

सुरतेत लिंबायतमधलं आपलं घर आठवतं. एका भिंतीला दोन घरं, इकडे आपण आणि तिकडे मावशी. ती माझी मावशीही आणि काकूही, कारण तुम्हा दोघी बहिणींना आजोबांनी एकाच मांडवात दोन सख्ख्या भावांना, दादांना आणि काकांना, देऊन टाकलं होतं. दादा आणि काका एकाच कारखान्यात, सुरतेच्या बोलीत खात्यात, लूम चालवायचे, एकाची दिवसपाळी तर दुसऱ्याची रातपाळी, त्यामुळे दोन घरांपैकी एका घरात कोणीतरी पुरुष कायम झोपलेला. म्हणून तुम्ही दोघी कुजबुजत बोलायच्या, आणि गल्लीतल्या बायकांना वाटायचं या खानदेशी बहिणींचं काहीतरी शिजतंय. शिजत काहीच नसायचं. तू तिला सांगत असायचीस की दूधवाला पाणी घालतो, भाजीवालीचा काटा खोटा आहे, आणि समोरची गुजराथीण आपल्याकडे बघून हसते ती सरळ हसत नाही. प्लेगचं साल नुकतंच होऊन गेलं होतं. गावाकडे पळालेले सगळे परत आले होते, पण तू परत आलीस ती दुप्पट संशय घेऊन. 'ह्या गावमा पानी बी आपलं नही,' म्हणायचीस. डंकीचं, हातपंपाचं पाणी तू फडक्याच्या दोन घड्या करून गाळायचीस आणि गाळून झाल्यावर फडक्याचा वास घ्यायचीस. बाजारातली मेथी तर तू दारात घेतच नव्हतीस, ती खाडीकाठची, गटारावर पोसलेली म्हणून. मला तेव्हा तुझी लाज वाटायची. आता माझ्या मुलींना माझी वाटते.

म्हणून तू घरीच मेथी लावलीस. तेलाचे पत्र्याचे डबे आडवे कापून मागच्या बोळात मांडलेस, आणि त्याच बोळात आपल्या दोन शेळ्या बांधलेल्या. गावाहून येताना एसटीच्या कंडक्टरशी भांडून आणलेल्या त्या दोन, एक पांढऱ्या कानांची आणि एक तपकिरी पाठीची. दिवसा गोडादऱ्याकडच्या मोकळ्या प्लॉटांवर चरायच्या, संध्याकाळी बोळात. सकाळी तू लेंड्या झाडून गोळा करायचीस आणि सरळ डब्यात टाकायचीस, वरून पाणी. गावाकडे आजोबांच्या गुरांच्या वाडग्यातलं लेंडीखत वर्षभर उकिरड्यावर कुजायचं, उन्हाळा खाऊन, कोरडं होऊन मग शेतात जायचं. सुरतेत उकिरड्याला जागा कुठली! आहे ते खत आज आणि मेथी उद्या. मला आता कळतं की सगळा घोटाळा त्या एका सुटलेल्या पायरीत होता. तेव्हा काय कळणार, तेव्हा मी फक्त नाक दाबून बोळातून जायचे.

आणि ती मेथी तू धूत नव्हतीस! हे आठवलं की आजही हसू येतं आणि मग हसू येतं म्हणून वाईट वाटतं. दादा म्हणायचे, अगं धुऊन तर घे. तू म्हणायचीस, 'घरनं शे. येले कसाले धुवानं?' सुरतेच्या पाण्यानं धुतलं तर चांगली भाजी खराब होईल, असा तुझा हिशेब. अगं, पण डब्याला पाणी तेच घालतेस ना, असं मी एकदा म्हणाले, तर तू म्हणालीस, ते मातीतून गाळून वर येतं. यावर दादांनीही हात टेकले. कळण्याची भाकरी, ठेचा, आणि खुडलेली कोवळी मेथी कच्चीच, अशी तू उंबऱ्यात बसून जेवायचीस. भाकरीच्या तुकड्यात चिमूटभर पाला दाबायचा आणि डोळे मिटून चावायचा. मला ती कडू लागायची, मी माझ्या वाटणीची ताटाखाली सरकवायचे. दादांना कच्चं काही सोसत नव्हतं. पण मावशीला तुझ्याइतकीच आवडायची. लहानपणी तुम्ही दोघी शेताच्या बांधावर बसून हरभऱ्याचा पाला, मेथी, घोळ असं काहीबाही खायच्या म्हणे. त्यामुळे डब्यातली पहिली खुडणी झाली की एक जुडी भिंतीपलीकडे जायचीच. काका चेष्टा करायचे, 'दोन्ही बहिनी बकरीसारख्या हिरवं चावतस.' तुम्ही दोघी भिंतीच्या दोन बाजूंनी हसायच्या.

होळीच्या आसपास तपकिरी पाठीची शेळी बसली. आधी पातळ हगायला लागली, मग खाणं सुटलं, आणि एक दिवस तिच्या जबड्याखाली पाण्यानं भरल्यासारखी पिशवी लोंबायला लागली. दादा तिला रिक्षात घालून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले होते, मी मागे बसून तिचं तोंड धरलं होतं. तिथल्या डॉक्टरनं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवली, आतून पांढरीफटक. पोटात जंत आहेत, रक्त पितात, दुसरीलाही पाजा, असं सांगून त्यानं औषधाची बाटली दिली. ती बाटली तू मोरीत ओतलीस. मी बघितलं आहे. कोणाचं काय औषध, दूध आटलं तर? आणि खरं तर तुझ्या मनात तोवर दुसरंच बसलेलं होतं. तू दादांना विचारलंस, 'ती दूध काढस जवय, बकरी गुपचूप उभी ऱ्हास. मालेच लाथा मारस. काबर?' ती म्हणजे मावशी. तुझ्या पाठीत कळ असायची त्या दिवशी दूध तीच काढायची. तिचा हात हलका होता, एवढंच कारण असेल. पण शेळी मेली तेव्हा तू रडली नाहीस, भिंतीकडे बघत राहिलीस.

तशी मावशी बदलत होती, हेही खरं. ती भराभर गुजराती बोलायला शिकली, समोरच्या बाईबरोबर साड्यांच्या लेसपट्टीचं काम आणायला मार्केटात जायला लागली, येताना कागदात खमण घेऊन यायची. तुला ते खमण खाताना बघितलं आहे मी, आधी बोटानं दाबून, मग वास घेऊन, मग माझ्या आधी स्वतः खाऊन. तुझी धाकटी बहीण तुझ्याशिवाय रस्ता ओलांडायला शिकली, हे तुला सहन होत नव्हतं, असं मला आता वाटतं. तेव्हा तू म्हणायचीस की तिला कोणीतरी शिकवून सोडलंय.

मग आली आखाजी, बाकीचे अक्षय तृतीया म्हणतात ती. त्या वर्षी खात्यात माल जोरात होता, पुरुषांना सुट्टी नाही, म्हणून तुम्हा दोघींना माहेरी जाता आलं नाही. आखाजीला माहेरी न जाणं म्हणजे काय, ते सुरतेत कोणाला सांगून कळायचं! तू सकाळपासून तोंड पाडून बसली होतीस. दुपारी मावशीनं कुठून तरी खापर पैदा केलं, तीन विटांवर उलटं टाकलं आणि मांडे केले. हातावर फिरवून फिरवून कोपरापर्यंत वाढवलेले ते पुरणाचे मांडे, असे की गल्लीतल्या गुजराथी बायका कामं टाकून बघायला आल्या. ती परात घेऊन आपल्या दारात आली तेव्हा तिच्या कपाळाला पीठ लागलेलं होतं. म्हणाली, 'ताई, माहेरले जाता उनं नही, ते म्हनं माहेर आठेच करूत.' आणि इथेच माहेर झालं, त्या दिवशी तू पोटभर जेवलीस. रसात बुडवून मांडे खाल्लेस, आजीचं काहीतरी आठवून दोघी रडलात. मी तुम्हाला इतकं जवळ बसलेलं पुन्हा कधी बघितलं नाही.

त्यानंतर आठवडा गेला असेल, नसेल, तुझं पोट दुखायला लागलं. खाल्लं की मुरडा, मग जुलाब, तोंडाला चव नाही. डंकीवरून पाणी आणलं की तू भिंतीला टेकून उभी राहायचीस. खरं म्हणजे तू होळीपासूनच अधूनमधून पोट धरून बसायचीस, मला ते आठवतं, पण तू मोजायला सुरुवात केलीस ती मांड्यांपासून. कोणीतरी तुला करणी-बाधा बघणाऱ्या एका माणसाकडे नेलं. त्यानं तांदूळ चाळवून सांगितलं, जवळच्या बाईच्या हातून, गोडातून पोटात गेलंय. त्यानं नाव घेतलं नव्हतं, नाव तू घातलंस. घरी आल्यावर तू दादांना ते सांगितलंस, भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, आणि दादा पहिल्यांदा तुझ्यावर ओरडले. तुझी बहीण आहे ती, माझ्या भावाची बायको आहे, असं काहीसं. तू म्हणालीस, म्हणूनच.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मावशी तुझ्यासाठी मुगाच्या खिचडीची वाटी घेऊन आली. तू ती हसून घेतलीस. आणि ती पाठ फिरवते न फिरवते तोच ओट्यावरून खाली उतरून गल्लीतल्या काळ्या कुत्र्यापुढे ओतलीस, आणि तिथेच उकिडवी बसून कुत्र्याकडे बघत राहिलीस. मी दारात उभी आहे. कुत्रा खातो, वाटी चाटतो, शेपूट हलवतो, आणखी मागतो. तू त्याच्याकडे बघतेस, मी तुझ्याकडे बघते, आणि मावशी तिच्या दारातून आपल्या तिघांकडे बघते. ती ओरडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, 'कुत्राले घाल, ताई. पन माले सांगीसन घाल.' आणि आत गेली. त्या कुत्र्याला काहीच झालं नाही, उलट तो रोज आपल्या दारात येऊन बसायला लागला. तरी तुझं मत बदललं नाही. माणसाला केलेलं कुत्र्याला लागत नाही, म्हणालीस.

शेवटी दादांनी तुला धर्मादाय दवाखान्यात पाठवलं, आणि तुला गुजराती येत नव्हतं म्हणून माझी शाळा बुडवून मला बरोबर दिलं. मी तेव्हा तेराएक वर्षांची असेन. पहिल्या खेपेला त्यांनी संडासचा नमुना मागितला. ते तुला सांगताना मला इतकी लाज वाटली की डबी तुझ्या हातात देऊन मी बाहेर जाऊन उभी राहिले. दुसऱ्या खेपेला डॉक्टरनं आधी तुझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. शेळीची बघितली होती अगदी तशीच. मग त्यानं कागद वाचला आणि विचारलं, 'घेर बकरी राखो छो?' मी तुला सांगितलं, शेळ्या आहेत का विचारतात. तू म्हणालीस, याला कोणी सांगितलं? तुला वाटलं, मावशी तिथेही आधी जाऊन पोचली. मग तो म्हणाला, कच्ची भाजी खाता का, न धुता? मी सगळं सांगितलं, डब्यांचं, लेंड्यांचं, उंबऱ्यात बसून खाण्याचं. तो खुर्चीत मागे रेलला आणि हसला, वाईट नाही हसला, उकल झाल्यावर माणूस हसतो तसं.

तो जे बोलला ते माझ्या तोंडून तुझ्या कानात गेलं आहे, माय, म्हणून मला ते शब्दन् शब्द आठवतं. हे जंत शेळ्यामेंढ्यांचे, माणसाला क्वचित होतात. शेळीच्या लेंडीतून अंडी पडतात, ओल्या मातीत त्यांची पिल्लं होतात, इतकी बारीक की दिसत नाहीत, आणि ती पाल्यावर चढून बसतात. शेळी पाला खाते तेव्हा तिच्या पोटात, बाई पाला खाते तेव्हा बाईच्या पोटात. गोळ्या देतो, बऱ्या व्हाल, कच्ची भाजी बंद करा. तू सगळं ऐकून घेतलंस. मग मला म्हणालीस, याला विचार, मांड्यांतून जातं का? मी विचारलं. मांडे म्हणजे काय हे त्या डॉक्टरला समजावताना माझा घाम निघाला. तो म्हणाला, विस्तवावर भाजलेल्या वस्तूत हे राहतच नाही, शक्यच नाही. मी तुला सांगितलं, नाही, मांड्यांतून जात नाही. तू माझ्याकडे बघितलंस, मग त्याच्याकडे, आणि पदर सारखा केलास.

रिक्षात बसल्यावर म्हणालीस, 'तुले गुजराती नीट समजस नही.' मी वर्गात गुजरातीत पहिली यायचे! मला इतका राग आला की घर येईपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही. म्हणजे तुझ्या मते पोरगी चुकली, डॉक्टर काहीतरी वेगळं बोलला, मांड्यांवरचा आळ कायम. ठीक आहे, मानलं. पण मग मला हे सांग, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तू मेथीचे सगळे डबे का उपसलेस? मी शाळेत निघाले होते, तू माती पोत्यात भरत होतीस. राहिलेली शेळी पुढच्याच आठवड्यात शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या एका भरवाडाला देऊन टाकलीस. त्या दिवसापासून आपल्या घरात कोथिंबीरसुद्धा मिठाच्या पाण्यातून काढल्याशिवाय चिरली गेली नाही, आणि मेथी खायची तर शिजवूनच. मुलीचं गुजराती कच्चं होतं तर हे सगळं कोणाच्या सांगण्यावरून केलंस? मी या एका गोष्टीवर किती विचार केलाय, तुला सांगून खरं वाटणार नाही. स्वयंपाक करताना करते, बसमध्ये करते. कधी वाटतं, तू मनातून दोन्ही धरून ठेवलंस, डॉक्टरचंही आणि बघणाऱ्याचंही, न जाणो म्हणून. कधी वाटतं, तुला सगळं लख्ख कळलं होतं आणि नुसतं भिंतीपलीकडे जाऊन चुकले म्हणायचं होतं, तेवढं तुझ्याच्यानं झालं नाही.

गोळ्यांनी तू बरी झालीस. गल्लीत विचारणाऱ्या बायकांना सांगितलंस, 'दवाई लिधी, पडी गयं सगळं.' काय पडलं ते सांगितलं नाहीस. बायकांनी मावशीनं चारलेलं पडलं असं समजून घेतलं, आणि मावशीच्या हातचं खमण कोणी घेईनासं झालं. पावसाळा संपायच्या आत काकांनी नवागामला खोली बघितली. सामान हातगाडीवर चढलं तेव्हा मावशी दारात येऊन 'ताई, जास मी' म्हणाली. तू चुलीशी पाठ करून बसली होतीस, भाकरी थापत राहिलीस. नंतर लग्नाकार्यात भेटायच्या, बोलायच्यासुद्धा, पण ती पंगतीत वाढायला आली की तू पानावर हात आडवा धरायचीस. तू गेलीस त्या दिवशी आपल्या घरात चूल पेटली नाही, तेव्हा कडू घास तिनंच आणला, पिठलं आणि भाकरी, नवागामहून डोक्यावर टोपली घेऊन. सगळ्यांनी तिच्या हातचं खाल्लं, दादांनी, मी, तुझ्या नणंदांनी. नाही खाल्लं ते फक्त तू.

आता परवाचं सांगते. मी ज्या लॅबमध्ये कामाला आहे तिथे मागच्या महिन्यात एका भरवाड बाईचा नमुना आला. काचेवर एक अंडं दिसलं, नेहमीच्या हुकवर्मच्या अंड्यापेक्षा लांब, एका टोकाला निमुळतं. मी मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, शेळ्यामेंढ्यांचा जंत आहे हा, आपल्याकडे फार कोणी ओळखत नाही, ट्रायकोस्ट्राँगायलस. नाव ऐकून मला काही झालं नाही. पण मॅडम पुढे म्हणाल्या, बाईला विचारा, शेळ्या आहेत का आणि कच्चं काय खाते. तोच प्रश्न, त्याच क्रमानं. म्हणजे मी तेव्हा बरोबर सांगितलं होतं तुला, एकही शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. मला रडू आलं ते आधी या गोष्टीचं, खोटं कशाला बोलू, मावशीची आठवण नंतर आली. पण आली ती गेलीच नाही. म्हटलं, तिला निदान सांगावं तरी की तुझे मांडे चांगले होते.

मावशी आता फार थकली आहे. डोळ्याला कमी दिसतं, आवाजावरून ओळखते. 'काय वं आंडेर, वाट भुलनी का?' असं लेकीला म्हणावं तसं म्हणाली आणि माझा हात धरून ठेवला. मी बसले, पाणी प्यायले, आणि पाठ करून गेल्यासारखं सगळं एका दमात सांगून टाकलं, शेळीचं, डब्यांचं, पाल्यावर चढणाऱ्या पिल्लांचं. तिनं मधे एकदाच तोंड उघडलं, 'म्हंजे बकरीनं दुखनं आम्हना पोटमा?' मी म्हटलं, तुमच्या दोघींच्या नाही, आईच्या. तेव्हा ती म्हणाली, 'माले बी तसंच व्हतं.'

मला कळेचना. तिनं सांगितलं ते असं. त्याच दिवसांत तिचंही पोट बिघडलं होतं, तसाच मुरडा, तसेच जुलाब, तशीच भिंत धरून चालायची ती. सरकारी दवाखान्यात जंताच्या गोळ्या दिल्या, कसले जंत ते कोणी सांगितलं नाही. आणि तिनं मागे मोजत मोजत जाऊन काय पकडलं, तर तुझी मेथीची जुडी. तू पाठवलेली. 'ती खाई आनि पोट धरीसन बसनू मी,' म्हणाली. दुसऱ्या घरचं असं तुझ्याकडून आलेलंच तेवढं तिनं खाल्लं होतं, दुसरं कोणाचं काही नाही. आणि तू कुत्र्याला वाटी घातलीस तेव्हा तर तिची खात्रीच पटली, की बहिणीनं आपल्याला काहीतरी चारलं आणि आपल्यावर येऊ नये म्हणून वरून बोंब मारली. माय, ती एवढी वर्षं तुझ्यावर संशय घेऊन बसली होती! तू तिच्यावर आणि ती तुझ्यावर, आणि शेळ्या बोळात बांधलेल्या. मी विचारलं, मग तू कोणाला बोलली का नाहीस? तर म्हणते, 'गल्लीले सांगीसन माले काय भेटतं? सख्खी बहीन शे.' तू सगळ्या गल्लीत तिचं नाव केलंस. तिनं काकांनासुद्धा सांगितलं नव्हतं. मी तिच्यासमोर मान वर करू शकले नाही, आणि तुझा असा राग आला, जो मला तू जिवंत असताना कधी आला नव्हता.

आत तिची सून कुकर लावत होती. मावशीनं माझा हात सोडला नव्हता, त्याच हातावर दुसरा हात ठेवून तिनं हळूच विचारलं, 'डॉक्टरनी तिले हाई सांगेल व्हतं का? तिले माहीत व्हतं?'

मी म्हणाले, नाही. म्हणाले, मी लहान होते मावशी, मला गुजराती नीट समजलं नाही, मी आईला भलतंच काहीतरी सांगितलं. तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही. असं म्हणाले मी, वर्गात पहिली येणारी तुझी मुलगी. मावशीनं मान डोलावली. जरा लवकरच डोलावली असं मला वाटलं, आणि तिला कमी दिसतं म्हणून मी तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं, तिला खरं वाटलं की तिनं तसं दाखवलं. ती म्हणाली, 'मंग जाऊ दे. बिचारीले माहीतच नव्हतं.' आणि पदर डोळ्याला लावला. सुनेला हाक मारून म्हणाली, ही जेवूनच जाईल.

तू चिडू नकोस, हे मी तुझ्यासाठी केलं नाही. तिला या वयात तिची बहीण परत हवी होती आणि ती देण्यासारखी माझ्याच हातात होती. घरी आल्यापासून हे लिहिते आहे. पहिल्या ओळीला वाटत होतं की तुझ्याकडून काय ते खरं एकदा काढूनच घ्यायचं, तुझ्या फोटोसमोर हे वाचायचं आणि उत्तर असल्यासारखं थांबायचं. आता इथवर आले आणि कबूल करते, वाचणार नाही. तुला कळलं होतं असं तू म्हणालीस तर मी मावशीशी खोटं बोलले, आणि कळलं नव्हतं असं म्हणालीस तर मी तुझं ऐकणार नाही. मला तुझं उत्तर नकोच आहे, माय.